२० किलोचा होम जिम सेट: सगळं आहे, फक्त आठ किलो नाही

साधारण दीड ते अडीच हजारांत मिळणारा २० किलोचा होम जिम सेट सोलापुरात पुष्कळ घरांत आहे. बहुतेक घरांत तो दिवाणाखाली आहे. घेतला कधी, तर नव्या वर्षाच्या किंवा दिवाळीच्या सुमारास. थांबला कधी, तर दीड-दोन महिन्यांनी. खापर फुटतं ते माणसाच्या आळशीपणावर. आळस असतोच, पण खोक्याच्या रचनेतही काही उणिवा अशा आहेत की चांगला नेटाने करणारा माणूसही ठराविक ठिकाणी अडतो. म्हणून इथे सेट किती वर्षं टिकतो यापेक्षा त्याच्यावर माणूस किती आठवडे टिकतो, तेच जास्त तपासलं आहे.

खोक्यात असतं ते असं: काळ्या पीव्हीसीच्या प्लेटा मिळून २० किलो, डंबेलच्या १४ इंची दोन दांड्या, तीन फुटांची वाकडी कर्ल दांडी (कर्ल म्हणजे कोपर दुमडून वजन वर आणणं), नट किंवा स्प्रिंगची लॉकं. भरताड म्हणून हातमोजे, उडीची दोरी, मुठीत दाबायचा ग्रिपर आणि एक बॅग. प्लेट म्हणजे वरून प्लास्टिकचं कवच आणि आत सिमेंटसारखं भरण. २० किलो हे फक्त प्लेटांचं वजन. दांड्या त्यात धरलेल्या नसतात. हे फसवणूक म्हणून सांगत नाही, उलट दांडीचं वजन फुकटात मिळतं. पण हिशेब करताना ते विसरून चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. हे २० किलो दोन प्रकारे भरलेले असतात, आणि खरेदी करताना बहुतेक जण ते बघतच नाहीत. पहिल्या प्रकारात अडीच किलोच्या चार प्लेटा आणि पाच किलोच्या दोन. दुसऱ्यात दोन किलोच्या चार आणि तीन किलोच्या चार. बेरीज दोन्हीकडे २०च. पण डंबेलची जोडी करायची तर एकाच वजनाच्या चार प्लेटा लागतात, दोन्ही हातांत दोन्ही टोकांना एकेक. पहिल्या प्रकारात पाच किलोच्या प्लेटा दोनच आहेत, म्हणजे जोडीसाठी त्यांचा उपयोग शून्य. जोडी होते ती फक्त अडीचच्या चार प्लेटांची: प्रत्येक हातात पाच किलो अधिक दांडी. पुढे रस्ता बंद. हा सेट कर्ल दांडीसाठी ठीक, एका डंबेलसाठी ठीक, जोडीसाठी निरुपयोगी. घेतला असेल तर पाच किलोच्या अजून दोन प्लेटा आणाव्या लागतील.

दुसरा प्रकार बरा, घ्यायचा तर हाच. इथे प्रत्येक हातात चार, सहा आणि दहा किलो, असे तीन टप्पे पडतात: फक्त दोनच्या प्लेटा, फक्त तीनच्या, किंवा दोन्ही. आठ नाही. दांडी आणि तिचे दोन नट मिळून सव्वा किलो धरले, तर सव्वासात किलोवरून पुढची पायरी थेट सव्वाअकरा, म्हणजे एका उडीत ५५ टक्के वाढ. खांद्याच्या प्रेसला, म्हणजे वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलण्याला, कुणाचंही शरीर अशी उडी मारत नाही. मग दोनच वाटा उरतात: महिनोन्‌महिने सव्वासातवरच घोळत राहायचं आणि कंटाळायचं, किंवा सव्वाअकरा उचलून कंबर वाकडी करत कसंबसं ढकलायचं आणि खांदा दुखावून घ्यायचा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सेट दिवाणाखाली जातो त्याचं एक मोठं कारण हे आहे.

उपाय स्वस्त आहे. एक किलोच्या चार प्लेटा वेगळ्या घ्या. मग एका टोकाला एक, दोन, तीन, तीन अधिक एक, तीन अधिक दोन, तिन्ही मिळून, अशा जोड्या जमतात आणि प्रत्येक हातात २, ४, ६, ८, १०, १२ अशी सरळ दोन-दोनची शिडी तयार होते. सव्वासातवरून सव्वानऊ म्हणजे सुमारे २८ टक्के, तिथून सव्वाअकरा म्हणजे सुमारे २२ टक्के. अजूनही पायऱ्या उंचच आहेत, पण चढता येण्यासारख्या. या चार प्लेटा पीव्हीसीच्या न घेता लोखंडाच्या घ्या. पीव्हीसीची प्लेट जाड असते, आणि १४ इंची दांडीच्या टोकाला तिसरी प्लेट चढवली की नटाला आटे उरत नाहीत. नट निदान तीन-चार आटे पूर्ण बसला पाहिजे. अर्ध्या आट्यावर टेकलेला नट डोक्यावर दांडी असताना सुटला, तर पुढचं सांगायला नको.

प्लेटा आल्या की पहिलं काम वजन करायचं. छापलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत फरक निघतो. हुकाचा डिजिटल काटा असेल तर उत्तम, नाहीतर वाण्याच्या किंवा रद्दीवाल्याच्या काट्यावर पाच मिनिटांत होतं. मार्करने प्रत्येक प्लेटवर खरं वजन लिहा आणि जवळजवळ सारख्या प्लेटा समोरासमोर येतील अशा लावा. एका टोकाला शे-दोनशे ग्रॅम जास्त असले तर उचलताना जाणवत नाही, पण मनगट त्या बाजूला कलतं आणि आठवड्याभराने मनगट दुखायला लागलं की कारण सापडत नाही. फरक फारच असेल तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत हे कळलेलं बरं.

दांडी बघताना तीन गोष्टी. मधल्या पकडीच्या दोन्ही बाजूंना जे कडं असतं ते पक्कं वेल्ड केलेलं आहे का. त्यावर धारदार कणी राहिली असेल तर कानशीने घासून टाका, नाहीतर अंगठ्याच्या बेचक्यात कापतं. आटे स्वच्छ आहेत का. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पान्याची गरज पडत असेल तर दांडी बदलून मागा. आणि कर्ल दांडी पोकळ आहे की भरीव. स्वस्त सेटांत ती पोकळ असते. २० किलोपर्यंत चालते. पुढे प्लेटा वाढवत नेल्या तर मधल्या वळणावर हळूहळू वाकते, म्हणून तिच्यावर तिशीच्या वर जाऊ नका.

प्लेटेचं भोक दांडीपेक्षा थोडं मोठंच असतं. त्यामुळे प्लेटा खुळखुळतात आणि प्रत्येक रेपला, म्हणजे वजन एकदा उचलून खाली आणताना, खडखड वाजतं. सकाळी सहाला ही खडखड घरातल्यांना नको होते, मग वेळ पुढे ढकलली जाते, मग राहूनच जातं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन-अडीच इंचांचा तुकडा कापून दांडीच्या टोकावर चढवा आणि त्यावरून प्लेट दाबून बसवा. पंक्चरवाला असा तुकडा पैसे न घेताही देतो. आवाज बंद, डगमग बंद.

नट सैल होण्याचा त्रास मात्र ट्यूबने पूर्ण जात नाही. दोन्ही टोकांचे आटे एकाच दिशेचे असतात. कर्ल करताना हात फिरतो, दांडी फिरते, जड प्लेटा मागे राहतात. त्या ओढीने एका बाजूचा नट आवळला जातो आणि दुसऱ्या बाजूचा उघडत जातो. म्हणून व्यायामाच्या प्रत्येक सेटच्या, म्हणजे सलग रेपांच्या फेरीच्या, आधी दोन्ही नट हाताने एकदा आवळून बघायचे. नटाला रबरी वॉशर असतो, तो हरवू देऊ नका, पकड त्याचीच असते. स्प्रिंगवाली लॉकं असलेला सेट असेल तर ती घामाने घसरतात. डोक्यावर नेण्याच्या व्यायामाला ती वापरूच नयेत.

तालमीतला माणूस इथे हसेल: जोर मारा, बैठका काढा, खोका कशाला? बरोबर आहे, ढकलण्याचं आणि पायांचं काम जोर-बैठकांत होतं. पण ओढण्याचं काम त्यांत जवळजवळ नाही. पाठीच्या मागच्या भागाला, खांदे मागे खेचणाऱ्या स्नायूंना काही तरी ओढावं लागतं. दिवसभर यंत्रमागावर, शिलाई मशीनवर किंवा संगणकापुढे वाकून बसणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. या सेटची खरी किंमत वसूल होते ती डंबेल रोमध्ये, म्हणजे वाकून डंबेल पोटाकडे ओढण्यात. बायसेप कर्लसाठी लोक तो विकत घेतात, ते राहू दे.

सातत्याचा दुसरा शत्रू म्हणजे प्लेटा बदलण्याचा वेळ. चार टोकं, चार नट, उघडा, काढा, घाला, आवळा: दोन-तीन मिनिटं सहज जातात. वेळापत्रकात पाच व्यायाम आणि प्रत्येकाला वेगळं वजन असेल तर अर्ध्या तासातली दहा मिनिटं नटांत जातात आणि अंग थंड पडतं. खोक्याबरोबर छापील तक्ता येतो, त्यात वीस-वीस व्यायाम दिलेले असतात. तो तक्ता फेकून द्या. एका दिवशी एकच वजन ठेवायचं आणि व्यायामाप्रमाणे रेपचा आकडा बदलायचा.

समजा तीनच्या प्लेटा लावल्या आहेत, म्हणजे हातात सव्वासात. शोल्डर प्रेस ८ ते १०, जमिनीवर पडून छातीचा प्रेस १२ ते १५, एका हाताचा रो प्रत्येकी १२ ते १५, एक पाय मागे ठेवून बैठक प्रत्येक पायाला १०. प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये मिनिट-दीड मिनिट विसावा. अर्ध्या तासात संपतं. शोल्डर प्रेसच्या तिन्ही सेटांत १२ रेप स्वच्छ निघाले की दोन किलोंनी वर जायचं, आणि तेव्हा रेप परत ८ वर येणार हे गृहीत धरायचं. वजन वाढवल्यावर आकडा खाली आला म्हणून नाउमेद होणारे पुष्कळ असतात. तो खाली यायलाच हवा.

कर्ल दांडीचा दिवस वेगळा. चारही दोन-किलोच्या प्लेटा तिच्यावर चढवल्या की आठ किलो, अधिक दांडी. गुडघे किंचित वाकवून कमरेतून पुढे झुकायचा डेडलिफ्ट १५, वाकून रो १२, कर्ल ८ ते १०. गंमत अशी की तीनच्या प्लेटा डंबेलवर आणि दोनच्या दांडीवर असल्या तर दोन्ही एकाच वेळी तयार राहतात, नटाला हात लावायची गरज नाही. एक किलोच्या चार प्लेटा घेतल्या असतील तर डंबेल आठवर जातात तरी दांडीवरचे आठ किलो जागच्या जागी. म्हणजे त्या चार प्लेटांनी पायरी लहान होते आणि प्लेटांची उसनवारीही पुढे ढकलली जाते. दहावर पोचलात की मात्र दांडी रिकामी करावी लागते. तिथून पुढे आदल्या रात्रीच उद्याची दांडी भरून ठेवायची. सकाळी झोपेत नट आवळायची वेळ आली की निम्मे दिवस हुकतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाच्या हालचालीची आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. या सेटने दुसरी अट भागते, पहिली नाही. त्यासाठी सिद्धेश्वर तलावाकडे किंवा जवळच्या मैदानावर चालायला जावंच लागेल.

सोलापूरचा हिशेब थोडा निराळा लावावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे, कधी ४३-४४पर्यंतही जातो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी सातला डंबेल उचलणं म्हणजे निव्वळ चिकाटीची परीक्षा. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वेळ सकाळची सातच्या आत ठेवा, सेट तीनाऐवजी दोन करा, विसावा दोन मिनिटांचा घ्या, आणि वजन वाढवण्याच्या भानगडीत त्या महिन्यांत पडू नका. आहे ते टिकलं तरी कमाई. सेट गच्चीवर ठेवायचा मोह टाळा. उन्हात पीव्हीसी मऊ पडतं, कडेचा जोड उसवतो आणि आतला राखाडी भुगा बाहेर यायला लागतो. नवीन सेटला उग्र वास असतो तोही उन्हात घालवायचा नाही. तीन-चार दिवस सावलीत, वारा लागेल असा ठेवला की बराचसा जातो.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी सकाळ टाक्या, घागरी भरण्यात जाते. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं वाराचं वेळापत्रक त्यामुळे इथे पंधरवड्यातच मोडतं. वार सोडा, क्रम धरा: डंबेल, एक दिवस सुट्टी, दांडी, एक दिवस सुट्टी, परत डंबेल. पाणी आलं म्हणून आजचा दिवस हुकला तर उद्या तोच. क्रम पुढे सरकतो, तुटत नाही. एमआयडीसीत किंवा मागावर पाळीने काम करणाऱ्यालाही हेच सोयीचं पडतं, कारण त्याची पाळी बदलली की घड्याळच बदलतं. रात्रपाळीवरून आल्या-आल्या मात्र वजन उचलू नये. झोपून उठल्यावर, खाऊन तासाभराने.

जमीन. बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते, आणि गुडघ्याच्या उंचीवरून प्लेट पडली तर फरशीला तडा जातो किंवा प्लेटेला, दोन्हींत नुकसान आपलंच. खाली १० ते १२ मिलिमीटर जाडीची रबरी किंवा फोमची मॅट हवी. सोलापुरात राहून चादरीची घडी अंथरायची इच्छा होणार हे उघड आहे, करू नका. गुळगुळीत फरशीवर चादर सरकते, आणि एक पाय मागे ठेवलेल्या बैठकीत पाय सरकला तर मांडीचा स्नायू दुखावतो. टॉवेलचा उपयोग मात्र चांगला होतो: टेरी टॉवेलचा हातभर तुकडा शेजारी ठेवा आणि प्रत्येक सेटआधी तळवे व पकड दोन्ही पुसा. मग हातमोज्यांची गरज राहत नाही. त्यांतला फोम घाम धरून ठेवतो आणि दहा दिवसांत वास मारायला लागतो.

बाकीच्या फुकट वस्तूंबद्दल थोडक्यात. ग्रिपरची स्प्रिंग कुरकुरते, बाकी काही नाही. बॅगेत प्लेटा भरून उचललीत तर बंद तुटतो. दोरी कामाची आहे, फक्त लांबी बसवून घ्या: मधोमध पाय ठेवून दोरी ताणली की मुठी काखेपर्यंत याव्यात, जास्तीची आतल्या गाठीने कमी करा. रोज शंभर उड्यांनी अंग तापवायला ती पुरते.

सेट कुठे ठेवायचा हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. माळ्यावर किंवा दिवाणाखाली ठेवला तर तो बाहेर काढणं हाच पहिला व्यायाम होतो. मॅटसकट कोपऱ्यात, प्लेटा चढवलेल्या अवस्थेत, येता-जाता दिसेल असा ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर अर्थात हे चालणार नाही. मग प्लेटा काढून निदान कमरेच्या उंचीच्या भक्कम फळीवर, आणि नट डब्यात.

२१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी नवी गोष्ट आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं आढळलं, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. ६६ दिवस म्हणजे सव्वादोन महिने. आठ किलोच्या अडचणीशी बहुतेकांची गाठ त्याच्या आतच पडते. म्हणून त्या चार प्लेटा नंतर बघू असं न म्हणता सेटबरोबरच मागवाव्यात.

खंड पडतोच. गड्डा यात्रा, लग्नसराई, नवरात्राचे नऊ उपवास. उपवासाच्या दिवसांत प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, दहा मिनिटांत विषय संपवा. दोन-तीन आठवडे पूर्ण खंड पडला तर ताकद फारशी जात नाही, पण अंग आंबतं. गड्डा यात्रेतले उंच नंदीध्वज पेलणारेसुद्धा यात्रेच्या दिवशी थेट काठी उचलत नाहीत, आधी सराव करतात. परतताना एक पायरी खाली उतरा: आठवर थांबला असाल तर सहावर, तीनाऐवजी दोन सेट, आणि आठवड्याने परत आठवर.

हा सेट कुणासाठी नाही? आधीच वर्षभर जिममध्ये काढलेल्यांसाठी नाही. पायांना हे वजन महिन्या-दीड महिन्यात कमी पडेल. ज्यांना नुसतं वजन उतरवायचं आहे त्यांनीही एवढ्यावर भिस्त ठेवू नये. मणक्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. शून्यापासून सुरू करणाऱ्याला मात्र, चार लोखंडी प्लेटा आणि एक मॅट यांची भर घालून, सहा-आठ महिने तरी तो पुरतो.

जुना घ्यायचा असेल तर पीव्हीसीचा अजिबात नको. उसवलेला जोड चिकटपट्टीखाली लपवलेला असतो. जुनं लोखंड डोळे झाकून घ्यावं, सोलापूरच्या कोरड्या हवेत त्याला गंजही बेताचाच चढतो, तारेच्या ब्रशने घासून निघतो. भाव किलोवर ठरवा, वजन आपल्या काट्यावर करा, आणि जाताना दांडी बरोबर न्या. दांडीची जाडी आणि प्लेटेचं भोक जुळत नसेल तर ती प्लेट कितीही स्वस्त असली तरी घरी येऊन दाराला टेकण म्हणूनच लागेल.